मूत्राशयात बीसीजी: तीन वर्षांचा हिशेब

मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मी तीन वर्षं बीसीजी घेतली, त्याचा हा हिशेब. सुरुवात अशी झाली: लघवी लाल झाली आणि दुखलं मात्र काहीच नाही. जून २०२१ चा पहिला आठवडा होता. इचलकरंजीत दुसऱ्या लाटेची धास्ती अजून होती, दवाखान्याचं नाव काढलं तरी घरातले आधी सॅनिटायझर शोधायचे. दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ. सौ.चं म्हणणं, आदल्या रात्री बीटची कोशिंबीर होती. पाच-सहा दिवसांनी पुन्हा तेच झालं, या वेळी रक्ताच्या बारीक गुठळ्याही पडल्या, आणि त्या दिवशी घरात बीट नव्हतं. फॅमिली डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "काका, दुखत असतं तर मी आधी खडा धरला असता. दुखत नाही म्हणून सांगतो, सोनोग्राफी आजच करून घ्या."

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. न दुखता लघवीतून रक्त जाणं आणि आपोआप थांबणं, यात थांबण्याला काही अर्थ नसतो. पुरुष माणसं या बाबतीत घरातही बोलत नाहीत. आमच्या गल्लीतल्या दोघांनी मला पुढे कानात सांगितलं, "आम्हालाही गेल्या वर्षी असं झालं होतं, मग राहिलं." दोघांनाही मी हाताला धरून डॉक्टरकडे नेलं.

सोनोग्राफीत मूत्राशयाच्या डाव्या भिंतीवर पावणेतीन सेंटिमीटरची वाढ दिसली. कोल्हापूरच्या युरॉलॉजिस्टनी पहिल्या भेटीत दोन प्रश्न विचारले: सिगारेट ओढता का, आणि काम कशाचं करत होता. सिगारेट २००४ साली सुटली, त्याआधी पंधराएक वर्षं होती. काम एका प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, हिशेबाचं. रंगाच्या ड्रमांचा स्टॉक महिन्यातून एकदा मोजायला गोडाऊनमध्ये जायचो, एवढाच रंगाचा संबंध. डॉक्टरांनी सांगितलं की रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना हा आजार जास्त होतो हे १८९५ साली जर्मनीत लुडविग रेन या सर्जननी पहिल्यांदा मांडलं. फ्रँकफर्टजवळ फुक्सिन नावाचा रंग बनवणाऱ्या कामगारांत त्यांना हे रुग्ण सापडले होते. पण सर्वांत मोठं कारण तंबाखूचा धूर. एकट्या माणसाकडे बोट दाखवून हे रंगामुळे की सिगारेटमुळे, ते सांगता येत नाही. मी तो विषय तिथेच सोडला.

१४ जुलैला पहिली शस्त्रक्रिया झाली. तिला टीयूआरबीटी म्हणतात: पोटावर चीर नाही, लघवीच्या मार्गानेच दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात. आधी आरटी-पीसीआर, मग कमरेतलं इंजेक्शन. कमरेखाली काही कळत नव्हतं, पण समोर पडदा होता आणि मी बघत होतो. पाण्यात हलणारा फुलकोबीचा तुरा दिसावा तशी ती गाठ होती. दोन रात्री नळी, नळीतून सतत सलाइन, पिशवीत आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळं पाणी. बिल ७४ हजार, कॅशलेस. घरी जायच्या दिवशी डॉक्टरांनी सकाळी दहाला सोडलं आणि विमा कंपनीची शेवटची मंजुरी यायला संध्याकाळचे सात वाजले. डिस्चार्जच्या दिवशी दुपारचा डबा मागवून ठेवा, हॉस्पिटल त्या दिवशीचं जेवण देत नाही.

गाठीचा रिपोर्ट आठवड्यात येणार होता. तेवढ्यात २२ तारखेपासून पंचगंगेनं पात्र सोडलं, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि कोल्हापूर तुटलं. रिपोर्ट शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर आला. निम्मे नातेवाईक सामानसुमानासह आमच्या माळ्यावर, आणि मी कोपऱ्यात मोबाइलवर 'हाय ग्रेड', 'टी-वन' हे शब्द शोधत बसलेलो.

थोडक्यात सांगायचं तर असं. मूत्राशयाच्या भिंतीला आतून एक पातळ अस्तर, त्याखाली जोडणारा थर, त्याखाली स्नायू. गाठ अस्तरातच असेल तर टीए. जोडणाऱ्या थरात शिरली तर टी-वन. स्नायूत शिरली तर टी-टू, आणि मग बहुतेक वेळा मूत्राशयच काढायची भाषा सुरू होते. माझी टी-वन, आणि पेशी आक्रमक जातीच्या. शेवटी एक ओळ होती, जी मला कळली नव्हती आणि पुण्यातल्या मुलानं फोनवर वाचून दाखवली: दिलेल्या तुकड्यात स्नायू आढळला नाही. म्हणजे स्नायूत शिरलीय की नाही हे कोणीच सांगू शकत नव्हतं. तुमच्या रिपोर्टमध्ये ही ओळ आहे का ते बघा आणि डॉक्टरांना विचारा. नुसतं "कर्करोग आहे का" विचारून भागत नाही.

मुलाचा आग्रह दुसरं मत घ्यायचा. परळच्या टाटा मेमोरियलला जायचं ठरलं. तिथे ते आपला रिपोर्ट वाचून सोडून देत नाहीत, गाठीचे तुकडे ज्यांत जपलेले असतात त्या मूळ काचा (स्लाइड) आणि मेणाचे ठोकळे मागतात. हे ठोकळे लॅबमध्ये असतात आणि आपल्या हक्काचे असतात. लेखी अर्ज, आधारची प्रत आणि दोन दिवस, एवढ्यावर मिळाले. ठोकळ्यांवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथेच काउंटरवर ताडून घ्या. रुमालात गुंडाळून, वर डब्यात घालून हातसामानात ठेवले. हातकणंगल्याहून महालक्ष्मी, सकाळी दादर, तिथून टॅक्सी. फाइल काढताना जनरल की प्रायव्हेट हे विचारतात. आम्ही प्रायव्हेट घेतली, पण जनरलच्या रांगेतही डॉक्टर तेच असतात असं तिथले अनुभवी लोक सांगत होते. बाकड्यावर शेजारी बीडचे एक गृहस्थ होते, पलीकडे रत्नागिरीच्या बाई. गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न "कशाचा?" एवढाच. आजार लपवायची माझी सवय त्या बाकड्यावर मोडली.

तिथलं मत तेच निघालं: टी-वन, हाय ग्रेड, स्नायू नाही. सल्ला असा की त्याच जागी पुन्हा खरवडून स्नायूचा तुकडा घ्यावा, आणि तो स्वच्छ असेल तर बीसीजी. "हे सगळं कोल्हापूरला होतं, त्यासाठी मुंबईत राहायची गरज नाही," हेही त्यांनीच सांगितलं. दुसरं मत मोठ्या हॉस्पिटलात घेतलं म्हणजे उपचारही तिथेच घ्यावे लागतात असं नाही.

३१ ऑगस्टला कोल्हापूरला दुसऱ्यांदा टेबलावर. खर्च ५८ हजार. या वेळी स्नायू आला आणि तो स्वच्छ होता. जुन्या जागी थोडे अवशेष सापडले, तेही निघाले.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी सह्यांच्या गठ्ठ्यात एक वेगळा मराठी कागद होता: तपासणीनंतर उरलेला तुकडा संशोधनासाठी ठेवू का. प्रत्येक पानावर एथिक्स कमिटीचा शिक्का. नाव जाणार नाही, फक्त क्रमांक जाईल. नाही म्हटलं तर उपचारात फरक पडणार नाही. हो म्हणून नंतर माघार घेता येईल. कागद देणारा मुलगा घाईत होता, म्हणाला, "काका, ही फॉर्मॅलिटी आहे." मी म्हटलं, फॉर्मॅलिटी असती तर त्यात नाही म्हणायची सोय ठेवली नसती. चष्मा लावून सगळा वाचला, दोन शंका विचारल्या, आणि मग सही केली. एक प्रत मागून घेतली. ती द्यायलाच हवी असते, पण मागितल्याशिवाय हातात येत नाही.

आता बीसीजी. सौ.नं डॉक्टरांना विचारलं, "बाळांना दंडावर टोचतात ते?" तेच. क्षयरोगाची लस. फक्त डोस कितीतरी मोठा, आणि सुईऐवजी नळीतून थेट मूत्राशयात. आमच्या घरात माझ्या आत्याला क्षय झालेला, त्यामुळे जिवंत जंतू मुद्दाम आत सोडायचे हे ऐकून मी गप्पच झालो. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून समजावलं. हा गायीच्या क्षयाचा जंतू. फ्रान्समध्ये लील इथं काल्मेत आणि गेराँ या दोघांनी १९०८ पासून तो बटाटा, ग्लिसरीन आणि पित्तरसावर वाढवत नेला, तेरा वर्षांत २३० वेळा नव्या काचेत लावला, तेव्हा कुठे त्याचा मारकपणा गेला. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्या बाळाला दिला. खोकल्यातून हा कोणाला जात नाही. मूत्राशयात तो अस्तराला चिकटतो, आणि शरीराला वाटतं की इथं संसर्ग झालाय. पांढऱ्या पेशी धावून येतात, दाह होतो, आणि त्या दाहात कर्करोगाच्या उरल्यासुरल्या पेशीही मारल्या जातात. औषध गाठीला मारत नाही, आपल्याच प्रतिकारशक्तीला चिथावतं. म्हणून जळजळ होणार. म्हणूनच, ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच दबलेली आहे, स्टेरॉइड किंवा अवयव रोपणानंतरच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी हे आधी सांगायलाच हवं.

याच लसीची आपल्याकडची दुसरी गोष्ट मुलानं शोधून पाठवली. तामिळनाडूतल्या चेंगलपट्टूला १९६८ साली बीसीजीची जगातली सर्वांत मोठ्यांपैकी एक चाचणी सुरू झाली. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर निष्कर्ष असा की मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिनं संरक्षण दिलं नाही. ज्या कामासाठी जन्मली त्यात अर्धी नापास आणि ज्याचा कुणी विचार केला नव्हता त्या कामात उपयोगी. मला हे वाचून उगाच बरं वाटलं.

शस्त्रक्रियेनंतर जखम भरायला किमान दोन आठवडे जावे लागतात. माझा पहिला डोस मंगळवारी, २८ सप्टेंबरला. दर मंगळवारी एक, असे सहा.

प्रत्यक्षात काय होतं ते सविस्तर लिहितो, कारण मला तेच कुणी सांगितलं नव्हतं. चार तास आधीपासून पाणी-चहा बंद, म्हणजे मूत्राशय लवकर भरत नाही आणि औषध पातळ होत नाही. गेल्यावर आधी लघवीची तपासणी. संसर्ग असेल किंवा रक्त असेल तर त्या दिवशी परत. मग लघवी करून टेबलावर. ब्रदर सुन्न करणारी जेली सोडतात. इथं घाई करू देऊ नका, "पाच मिनिटं थांबा हो," असं सरळ म्हणा, त्यानं फार फरक पडतो. बारीक नळी, सुमारे करंगळीच्या निम्म्याहून कमी जाडीची. पन्नास मिली दुधट पाणी मोठ्या सिरिंजमधून हळूहळू जातं. दाब देत नाहीत, आपोआप उतरू देतात. नळी काढली की काम संपलं, दहा मिनिटं. नळी घालताना रक्त आलं तर डोस देत नाहीत, कारण जंतू रक्तात जाऊ शकतो. हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

नंतरचे दोन तास खरे. औषध आत धरून ठेवायचं. ब्रदर म्हणाले, दर पाव तासाला कूस बदला. डॉक्टर म्हणाले, त्याला फारसा पुरावा नाही पण वेळ जातो. पहिल्या वेळी घरी जाऊन धरावं असा विचार होता. कोल्हापूर-इचलकरंजी रस्त्याची अवस्था ज्यांना माहीत आहे त्यांनी तो करू नये. हॉस्पिटलातच पडून राहा. पहिल्यांदा पावणेदोन तास निघाले आणि तेवढं चालतं म्हणाले.

त्या दोन तासांत मी डॉक्टरांना विचारलं होतं की सहाच का, पाच का नाही, आठ का नाही. ते हसले. कॅनडात किंग्स्टनला अल्वारो मोरालेस नावाच्या युरॉलॉजिस्टनी १९७६ साली नऊ रुग्णांवरचा अनुभव छापला. त्यांना मिळणारी बीसीजी सहा कुप्यांच्या पाकिटात यायची. त्रास आठवड्याच्या आत ओसरतो म्हणून आठवड्याला एक. पाकीट संपलं, उपचार संपला. नंतर कितीतरी मोठमोठ्या चाचण्या झाल्या, पण सुरुवातीचे सहा आठवडे आजही तेच. म्हणजे मी दर मंगळवारी ज्या वेळापत्रकावर उठत होतो ते त्या नऊ जणांनी आधी स्वतःच्या अंगावर घेतलेलं. तुकड्याच्या कागदावर सही केल्याचं त्या दिवशी समाधान वाटलं.

लघवी पहिले सहा तास बसूनच करायची, शिंतोडे उडू नयेत म्हणून. आमच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास, त्यामुळे हा प्रश्न आला नाही. प्रत्येक वेळी वरून सोडियम हायपोक्लोराइट ओतायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, मग पाणी. २०२१ साली ही बाटली शोधावी लागली नाही, कोरोनानं घराघरात ठेवलेली. हात साबणानं. आठवडाभर निरोध, हेही डॉक्टर सांगतात आणि आपण ऐकून घेताना छताकडे बघतो, तरी पाळायचं.

तिसरा डोस १२ ऑक्टोबरला होता, पण लघवीत संसर्ग निघाला आणि तो १९ वर गेला. चौथ्यानंतर रात्री थंडी वाजून १०१ ताप. त्या दिवसांत ताप म्हणजे एकच अर्थ. सोसायटीत कुणकुण लागली, सकाळी आरटी-पीसीआर झाली, निगेटिव्ह. तोवर ताप गेलाही होता. बीसीजीनंतर एक-दोन दिवस कणकण, अंगदुखी, जळजळ, सारखी लघवी, कधी किंचित रक्त, हे ठरलेलं. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. पण ताप साडेअडतीस सेल्सिअसच्या वर चढून दुसऱ्या दिवशीही उतरला नाही तर वाट बघू नका, रात्र असली तरी फोन करा. कारण क्वचित तो जंतू खरोखरच शरीरात पसरतो, आणि मग क्षयाची औषधं महिनोन्‌महिने घ्यावी लागतात.

आणखी एक. जळजळ सांगितली की मेडिकलवाला पट्कन ऑफ्लॉक्सासिनची पट्टी काढतो. आमच्या कोपऱ्यावरच्यानंही काढली. या जातीची औषधं बीसीजीलाही मारतात. कधी डॉक्टर मुद्दाम देतात, पण वेळ ठरवून. परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका, आणि दाताच्या डॉक्टरकडे गेलात तरी बीसीजी चालू आहे हे सांगा.

पाचवा डोस धनत्रयोदशीला, सहावा दिवाळी संपवून ९ नोव्हेंबरला. फराळाचं तिखट मला वर्ज्य होतं, चिवडा मी तरी खाल्ला. आठवड्याचा खर्च औषध, नळी, सलाइन आणि हॉस्पिटल मिळून साडेतीन-चार हजारांच्या घरात.

१४ डिसेंबरला दुर्बिणीनं तपासणी. भिंत लाल, पण गाठ नाही. लघवीतल्या पेशींची तपासणीही स्वच्छ. मला वाटलं झालं. डॉक्टरांनी कागद पुढे केला: पुढची तीन वर्षं. तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दर सहा महिन्यांनी, प्रत्येक वेळी तीन आठवडे तीन डोस. अमेरिकेतल्या डोनाल्ड लॅम यांच्या गटानं २००० साली छापलेल्या चाचणीतलं हे वेळापत्रक. त्याच चाचणीत ठरलेले सगळे डोस पूर्ण करू शकलेले रुग्ण फक्त १६ टक्के होते. हा आकडा डॉक्टरांनी आधीच सांगितला, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पुढे जेव्हा माझं अडलं, तेव्हा मला मी कच्चा वाटलो नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात मी घासाघीस करून बघितली: तीनऐवजी दोनच आठवडे दिले तर? डॉक्टरांनी निंबस नावाच्या युरोपातल्या चाचणीचं सांगितलं. ३४५ रुग्ण, निम्म्यांना वर्षभरात पंधरा डोस, निम्म्यांना नऊ. कमी डोसवाल्यांत गाठ परत येण्याचं प्रमाण २७ टक्के, पूर्ण डोसवाल्यांत १२. चाचणी मध्येच थांबवावी लागली. मी मुकाट्यानं बाही वर केली. बाहीचा इथं काही संबंध नाही, पण सवय.

मार्च २०२३ मध्ये कोल्हापुरात औषधच मिळेना. गंमत अशी की ते बनतं पुण्यात, सीरममध्ये. बाहेरच्या जगात हे रडगाणं जुनं आहे. सनोफीच्या टोरांटोच्या कारखान्यात २०१२ ला पाणी शिरलं आणि २०१७ ला त्यांनी हे उत्पादनच बंद केलं, तेव्हापासून अमेरिकेत जवळजवळ सगळी भिस्त एका कंपनीवर. आमचा प्रश्न एवढा मोठा नव्हता. मुलानं पुण्यातून कुपी घेतली, थर्माकोलच्या डब्यात आइस पॅक ठेवून घेऊन आला. कुपी बर्फाला टेकू द्यायची नाही, मध्ये कापड किंवा पुठ्ठा. दोन ते आठ अंश हवं. विकत घेताना बिलावर बॅच नंबर आणि मुदत लिहून घ्या, हॉस्पिटल बाहेरून आणलेलं औषध त्याशिवाय घेत नाही. पहिला डोस ठरला की पुढच्या दोन आठवड्यांच्या कुप्या त्याच दिवशी बुक करा.

सप्टेंबर २०२३ च्या फेरीत दुसऱ्या डोसनंतर माझी पंचाईत झाली. रात्री दर अर्ध्या तासाला उठायचो, लग्नकार्याला जायचं म्हटलं की आधी संडास कुठे ते बघायचं. डोस एक तृतीयांशावर आणता येईल का, असं मी डॉक्टरांना विचारलं. युरोपातल्या १,३५५ रुग्णांच्या चाचणीत डोस कमी करून त्रास कमी झाला नाही, असं उत्तर आलं. तिसरा आठवडा सोडला, मूत्राशय शांत करायच्या गोळ्या दिल्या, आणि मार्च २०२४ ची पूर्ण फेरी डॉक्टरांनीच गाळली. आधी दुर्बीण घालून आत काही नाही याची खात्री केली. शेवटची फेरी सप्टेंबर २०२४ ला पूर्ण झाली. ब्रदरनी शेवटच्या दिवशी पेढे मागितले, मी आधीच नेले होते.

पैशाचं राहिलं. दोन्ही शस्त्रक्रिया विम्यात बसल्या, बीसीजीचे दावे मात्र 'ओपीडी उपचार' म्हणून परत आले. इथं डॉक्टरांचं पत्र कामाला आलं: उपचार काय, का, दोन तास देखरेखीखाली ठेवलं, डे-केअर. त्याला पॉलिसीतलं डे-केअरचं कलम जोडलं आणि कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल केला. त्यांनी महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, पुण्यात कार्यालय आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही. माझ्या दुसऱ्या ईमेलमध्ये लोकपालाचा उल्लेख होता, त्यानंतर बरेचसे दावे मंजूर झाले. सगळे नाही. ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनी जनआरोग्य योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला आधी भेटावं, कशाला मंजुरी मिळते ते शस्त्रक्रियेच्या तारखेआधी लेखी कळतं. ऑपरेशन झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

डिसेंबर २०२४ च्या तपासणीत काही नाही. आता सहा महिन्यांनी एकदा दुर्बीण, ती लवचिक असते आणि भूल लागत नाही. मध्ये कुणीतरी विचारलं की नवीन काही निघालंय का. बीसीजीतच जनुकीय बदल करून बनवलेली व्हीपीएम-१००२ नावाची लस आहे. स्वित्झर्लंड-जर्मनीत बीसीजीनंतर गाठ परत आलेल्या रुग्णांवर ती तपासली गेली, आणि तीच लस आपल्याकडे आयसीएमआरनं २०१९ पासून क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांवर क्षयासाठी तपासली. माझी आत्या आणि मी एकाच लसीच्या दोन टोकांना, असं सौ. म्हणते.

पाकिटात मी एक कार्ड ठेवतो, मुलानं लॅमिनेट करून दिलेलं: मूत्राशयात बीसीजी घेतली आहे, पहिला आणि शेवटचा डोस कधी. वर्षा-दोन वर्षांनीही कधी न उतरणारा ताप आला आणि डॉक्टर नवा असला तर ते दाखवायचं. या जंतूवर क्षयाचं पायराझिनामाइड हे औषध चालत नाही, तेही कार्डावर खाली लिहिलंय. आणि ज्यांचा पहिला डोस पुढच्या आठवड्यात आहे त्यांना एवढंच: सकाळचा चहा पाचलाच उरकून घ्या, सोबत सैल पायजमा आणि मोबाइलचा चार्जर न्या, आणि जेलीनंतरची पाच मिनिटं सोडू नका.